खुर्ची दीड हात मागे

३ सप्टेंबर, गुरुवार

बंदरावरून पत्र आलं. ह्यांच्या नावावर! माणूस जाऊन पाच महिने झाले, तरी पाकिटावर आपलं ठसठशीत 'डॉक्टर'. आधी वाटलं फाडून टाकावं, मग वाटलं जपून ठेवावं. शेवटी चष्मा लावून वाचलं.

दर वर्षीचंच आहे. बंदरात आमच्या शिडाच्या बोटीची जागा राखायची असेल तर महिनाअखेर कागद भरून द्या, नाहीतर जागा रांगेतल्या पुढच्याला. मालक म्हणून आता सही माझी. खाली एक रकाना, 'बोट कोण चालवणार'. नाव नवीन असेल तर त्या माणसानं बंदराच्या साहेबांच्या हजेरीत एकट्यानं बोट बंदराबाहेर नेऊन तिथल्या तरंगत्या लाल पिंपाला वळसा घालून परत आणायची.

कोण चालवणार? चालवणारा गेला. मी सही करणार नाही. ह्यांचे मित्र, ते हाडांचे डॉक्टर, बोट देता का म्हणून दोनदा विचारून गेलेत. त्यांना देऊन टाकू, म्हणजे एकदाची डोक्याची कटकट जाईल.

संध्याकाळी कॅप्टनला सांगितलं. कॅप्टन म्हणजे माझी लेक. बापानं ठेवलेलं नाव. अडतीस वर्षांची आहे, शाळेत गणित शिकवते. सहा वर्षांची असताना ताप आला, तो दोन्ही पाय घेऊन गेला. तेव्हापासून चाकाची खुर्ची. पेपर तपासत बसली होती, मान वर न करता म्हणाली, "बघू." हे 'बघू' थेट बापाचं. ह्यांनी 'बघू' म्हटलं की समजायचं, आपलं काही चालणार नाही.

६ सप्टेंबर, रविवार

कॅप्टन सकाळीच वाचनालयात गेली. दोन महिने दर रविवारी हेच. मी म्हटलं, रविवारी कसलं वाचनालय? तर म्हणे हल्ली उघडं असतं. दुपारी आली ती तोंड लालबुंद करून. "अंगणात बसून वाचत होते." सावली नाही का मेल्यांच्या अंगणात!

घरात एकटी होते म्हणून ह्यांचं कपाट उघडलं. पाच महिने टाळत होते. कोट बाहेर काढले, खिसे तपासले. एकूण एक कोटाच्या खिशात मोजायची टेप. कुठंही गेलं की ह्यांचं पहिलं काम काय, तर दाराची रुंदी मोजायची. हॉटेल, सिनेमाचं थिएटर, लोकांची घरंसुद्धा. एकदा धाकट्याच्या, म्हणजे आमच्या मुलाच्या, होणाऱ्या सासरी चहाला गेलो, तर हे न्हाणीघराच्या दाराशी गुडघ्यावर बसलेले. विहीणबाई ट्रे घेऊन उभ्या. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं होतं. हे म्हणाले, "पाच बोटं कमी पडतायत हो तुमच्या दाराला." सहा महिन्यांत त्यांनी दार रुंद केलं. लोक ह्यांचं ऐकायचे, का कोण जाणे.

टाउन हॉलच्या उताराची गोष्ट तर गावभर झाली. पायऱ्यांशेजारी उतार करा म्हणून तीन वर्षं अर्ज, दाद ना फिर्याद. मग बांधकाम खात्याच्या अधिकाऱ्याची दाढ दुखायला लागली आणि तो दातांच्या डॉक्टरकडे, म्हणजे ह्यांच्याकडेच आला. ह्यांनी त्याला खुर्चीत आडवं केलं, तोंडात कापूस कोंबला आणि पाऊण तास उताराबद्दल सांगितलं. त्याला 'हूं' सोडून काही बोलता येईना. महिन्याभरात सिमेंट पडलं. हे शेवटपर्यंत म्हणायचे, "पाऊण तास नाही, वीसच मिनिटं. लोक उगीच वाढवून सांगतात."

सगळे कोट परत टांगले. देऊन टाकायला काढले होते खरे.

११ सप्टेंबर, शुक्रवार

बोटींची दुरुस्ती करणारे मिस्त्री आले होते. "वहिनी, बोटीला रंगाचा हात मारायचा का?" मी म्हटलं, बोट द्यायची आहे आता, ज्यांची होईल ते मारतील. त्यांचा चेहरा पडला. मग तोंडातली कवळी काढून माझ्यासमोर धरली. "हे डॉक्टरांनी केलेले दात आहेत. सतरा वर्षं झाली, हलले नाहीत." कवळी बशीत ठेवायला लावून चहा दिला.

नंतर ते आणि कॅप्टन व्हरांड्यात कुजबुजत होते. मी गेले तर लगेच वाऱ्याच्या गप्पा. मिस्त्रींना हल्ली कमी ऐकू येत असावं, बिचारी अगदी कानाशी वाकून बोलत होती.

ते गेल्यावर बोटीतल्या खुर्चीची आठवण झाली. दवाखान्यात दात तपासायची नवी खुर्ची आली तेव्हा जुनी भंगारात द्यायला ह्यांचा जीव होईना. तिची बैठक आणि पाठ काढून मिस्त्रींकडून बोटीत बसवून घेतली, वर पट्टेबिट्टे लावून. "अहो, समुद्रावर पेशंट तपासणार का?" मी विचारलं. "माझी कॅप्टन बसणार आहे, महाराणीसारखी." आणि खरंच बसायची. बावीस वर्षं दर रविवारी. परत यायचे तेव्हा हे ओलेचिंब, हात सोललेले, केसांत मीठ. आणि ही कशी, तर इस्त्री न मोडलेली. मी धक्क्यावर डबा घेऊन उभी. किती छान दिसायची दोघं!

मी त्या बोटीत कधी पाय ठेवला नाही. पाणी बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो. घरात भित्री मी आणि धीट ते दोघं, अशी वाटणीच होती आमची.

१६ सप्टेंबर, बुधवार

कॅप्टनच्या तळहातांना फोड! ताट घेताना दिसले. "हे काय गं?" तर म्हणे चाकाच्या कडा खरखरीत झाल्यात. मी तडक त्या खुर्चीवाल्या दुकानात फोन लावला आणि असं झापलं त्या माणसाला. अपंग माणसाच्या जिवाशी खेळता, लाजा कशा वाटत नाहीत वगैरे. तो म्हणाला, "बाई, ते चाक चार वर्षांपूर्वीचं आहे, तक्रार आजच कशी आली?" थापाडे लेकाचे. कॅप्टनला सांगितलं तर ती खिडकीबाहेर बघून हसली. म्हणाली, "आई, तू खरंच थोर आहेस."

हिचं कसं होणार माझ्यामागे, हीच एक काळजी. आज माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या, तिनंच आणल्या, आठवड्याच्या डबीत वार बघून भरल्या. विजेचं बिल, गॅस, माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ, सगळं ती बघते. एवढं सोडलं तर बाकी सगळं माझ्याच अंगावर आहे.

२० सप्टेंबर, रविवार

ह्यांच्या संस्थेत आठवणींची सभा होती. अपंगांसाठी झटणारी ती संस्था ह्यांनीच उभी केली. हॉल भरला होता. चाकाच्या खुर्च्यांना पुढची रांग, बाकीचे मागे. ह्यांची पद्धत.

शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई बोलल्या. कॅप्टनचा वर्ग वरच्या मजल्यावर होता, बाई म्हणाल्या होत्या दुसरी शाळा बघा. तर ह्यांनी रोज सकाळी हिला जिन्याच्या पहिल्या पायरीशी नेऊन बसवलं, पाटी-दप्तरासकट, आणि स्वतः दवाखान्यात गेले. नऊ दिवस. दहाव्या दिवशी अख्खा वर्ग खाली आला. मला माहीत होतं सगळं, तरी हुंदका आवरेना.

मग कुबड्यांवर चालणारे एक शिंपी उठले. "डॉक्टरांनी मला कधी धरलं नाही," म्हणाले. "मी म्हणायचो, पडेन. ते म्हणायचे, पड, आणि ऊठ. आम्हाला मदतीची नाही, मोकळ्या जागेची गरज आहे, हे त्यांना कळलं होतं." केवढ्या टाळ्या!

शेवटी कॅप्टनला बोलायला सांगितलं. माईक हातात घेतला. "बाबांनी पुष्कळांना मोकळं केलं," एवढंच म्हणाली आणि खुर्ची वळवून बाहेर गेली. बापावर फार जीव तिचा, रडू लपवायला गेली असणार.

घरी येताना ती तिची हातानंच ब्रेक लावायची गाडी चालवत होती. मी म्हटलं, शुक्रवारी हाडांच्या डॉक्टरांना बोटीची किल्ली देणार आहे. तिनं गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. "आई, मला एकदा तरी विचार ना, मला काय हवंय ते." मी म्हटलं, काय हवंय? तर म्हणाली, "बोट." मी म्हटलं, वेडी आहेस का, एकटी काय करणार बोटीचं? गाडी पुन्हा सुरू केली तिनं.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

आजचं आजच लिहिते.

किल्ली द्यायच्या आधी ह्यांचं जाकीट बोटीत राहिलंय ते आणावं म्हणून दुपारी बंदरावर गेले. धक्क्यावरून वाकून बघितलं. खुर्ची जागेवर नाही! म्हणजे आहे, पण मागे सरकलेली. चांगली दीड हात मागे, थेट सुकाणूजवळ. जुन्या जागी लाकडात चार भोकं. एवढी वर्षं झाकलेला भाग होता, तेवढाच चौकोन पिवळाधमक.

मिस्त्री शेजारच्या बोटीला रंग देत होते. मला बघून ब्रश डब्यातच राहिला. मी म्हटलं, ही खुर्ची कुणी हलवली? आधी हे-ते केलं. मग म्हणाले, "वहिनी, जुन्या जागेवरून तिचा हात पोचत नव्हता हो. सुकाणूला नाही आणि दोरालाही नाही. दोन महिने झाले, दर रविवारी येते. चांगली चालवते. मी पुढं नुसता बसतो."

वाचनालय. लाल तोंड. फोड. आणि मी त्या दुकानदाराला!

एवढ्यात शाळा सुटून कॅप्टनच आली. मी काय काय बोलले ते लिहवत नाही. खोटारडी म्हटलं. बापाच्या जिवावर शिकलीस आणि आईला फसवलंस म्हटलं. तिनं खुर्चीचे ब्रेक लावले. मग म्हणाली, "बाबांनी नाही शिकवलं, आई."

"म्हणजे?"

"बावीस वर्षांत एकदाही सुकाणू हातात दिलं नाही. मागितलं की म्हणायचे, पुढच्या वेळी. खुर्ची कुठं होती बघ ना. पेशंटला ठेवतात तशी ठेवली होती मला. माझ्यापर्यंत त्यांचा हात पोचेल आणि माझा कशापर्यंतही पोचणार नाही, अशी. नावाला कॅप्टन."

ती चार भोकं बघत राहिले. जगातली एकूण एक दारं मोजत हिंडणारा माणूस! त्याला बोटीतलं हे एवढंसं अंतर दिसलं नसेल? माझा विश्वास बसेना. मी तिला म्हटलं, मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. ती म्हणाली, "मला त्यांची रोज आठवण येते आई. म्हणून काय ते खोटं होतं?"

किल्ली दिली नाही. हाडांच्या डॉक्टरांना फोन करून कणकण असल्याचं सांगितलं.

२७ सप्टेंबर, रविवार

दोन दिवस आम्ही कामापुरतं बोलतोय. आज तिला म्हटलं, जा तुला जायचं तिथं. वाचनालय म्हणू नकोस म्हणजे झालं. गेली.

मी ह्यांच्या टेबलाचा खालचा खण उघडला. बोटीच्या वह्या होत्या, वर्षाला एक. अक्षर औषधाच्या चिठ्ठीसारखं, पण माझ्या डोळ्यांना सवय आहे. तिला खोटं पाडायचंच म्हणून वाचायला बसले, हे कबूल करते.

पहिल्या वर्षीच सापडलं. 'वारा मध्यम. कॅप्टन खूश. सुकाणू मागितलं. पुढच्या वेळी देऊ.' मग महिन्याभरानं पुन्हा. 'मागितलं. आज लाटा होत्या. पुढच्या वेळी.' लाटा नसल्या तर ऊन. ऊन नसलं तर धाकटा बरोबर होता. पुढं पुढं तिचं मागणं कमी होत गेलेलं दिसतं. मग दहाएक वर्षं एकदाही नाही. त्या वर्षांत नुसतं 'कॅप्टन गप्प. वारा छान.'

मला ह्यांचा असा राग आला, असा राग आला! वाटलं, उठून स्वयंपाकघरात जावं आणि भांडावं, नेहमीसारखं. पण भांडायला माणूस कुठं आहे?

शेवटच्या वहीत, जायच्या दीड महिना आधी लिहिलंय. तेवढं इथं उतरवून ठेवते. 'आज तिनं पुन्हा मागितलं, दहाएक वर्षांनी. दिलं नाही. माझा हात सुटत नाही. तो ताप आला त्या दिवशी मी दवाखाना बंद करून लवकर घरी आलो असतो तर, हे डोक्यातून जात नाही. लोकांना काय वाटेल ते सांगत सुटतो मी. घरात सांगायची छाती नाही.'

बत्तीस वर्षं माझ्याशेजारी झोपला हा माणूस त्या तापानंतर, आणि हे मला बोलला नाही. त्या दिवशी डॉक्टरांकडे न्यायला उशीर मी केला होता. सर्दी असेल म्हणून दुपारभर घरीच ठेवलं होतं तिला. मीही कधी बोलले नाही. दोघांनी एकच धोंडा वेगवेगळा वाहिला, वेड्यासारखा.

३० सप्टेंबर, बुधवार

आज शेवटचा दिवस. कॅप्टन शाळेत जायला निघाली तेव्हा कागद तिच्यासमोर ठेवला. माझी सही केलेली होती. 'बोट कोण चालवणार' तो रकाना कोरा.

"तिथं तू लिही," म्हटलं. "माझं अक्षर चांगलं नाही."

तिनं ह्यांची ती शेवटची वही कागदाखाली बघितली. मी तिथंच ठेवली होती, खूण घालून. वाचली. चष्मा काढला. मी गॅसपाशी गेले, उगीच दूध ढवळत बसले. मग तिनं हाक मारली आणि माझ्या कंबरेला मिठी घातली. खुर्चीतून तिची मिठी कंबरेलाच येते, लहानपणापासून. मी तिला उशिराचं सांगितलं, त्या दुपारचं. ती म्हणाली, "आई, तापाबद्दल मी कधीच कुणाला बोल लावला नाही. तुम्ही दोघंच स्वतःला लावत बसलात."

शाळेला तिला वीस मिनिटं उशीर झाला. कागद तिनंच जाता जाता नेऊन दिला.

४ ऑक्टोबर, रविवार

सकाळी दोनदा चपला काढून ठेवल्या. तरी गेले. डबा नेला नाही.

मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. साहेब वही घेऊन उभे. कॅप्टन धक्क्यावरून फळीवर, फळीवरून त्या खुर्चीत स्वतःच सरकली. तिचं तोंड ओढलेलं होतं. मी पुढं झाले तर म्हणाली, "आई, हात लावू नकोस." मी हात पाठीमागे बांधले.

शीड वर गेलं. पहिल्याच वळणाला बोट अशी कलली की माझ्या तोंडून "अगं बाई" निघालंच. मग सरळ झाली. बोट बंदराच्या तोंडाशी गेली तसे साहेब माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "बाहेर वारा वाढलाय. बंदराच्या भिंतीपलीकडं गेली की इथून दिसणार नाही. इतर कुणाला विचारत नाही, पण तुम्ही आई आहात. म्हणाल तर मागून लाँच पाठवतो. ती परत आली तरी परवानगी मात्र मग देता येणार नाही."

लाँच तिथंच होती, इंजिन सुरू. एक 'हो' म्हणायचा अवकाश. ते माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, खोटं कशाला लिहू? शीड भिंतीच्या टोकाशी होतं, अर्धं दिसत होतं, अर्धं नाही.

मी म्हटलं, "इंजिन चालू ठेवा. पाठवू मात्र नका."

मग काही दिसेना. मिस्त्री घड्याळ बघत होते, मी बघितलं नाही. पाणी आपलं होतं तिथंच होतं. किती वेळ गेला देव जाणे, नंतर मिस्त्री म्हणाले अकरा मिनिटं. भिंतीच्या दुसऱ्या टोकाकडून शीड आलं तेव्हा आधी मला ओळखूच येईना. पोरगी चिंब भिजली होती, केसांत मीठ. मोठमोठ्यानं काहीतरी गात होती, बेसूर, बापासारखी. साहेबांनी वहीत खूण केली.

घरी येऊन लिहितेय. डॉक्टर, तुम्ही असतात तर कपड्यांसकट पाण्यात उडी मारली असतीत, मला माहीत आहे. मला तुमचा राग आहे आणि तुमच्यावाचून करमत नाही. पण एक सांगते. आज तुमची ही भित्री बायको धक्क्यावर उभी राहिली आणि तिनं आपल्या पोरीला जाऊ दिलं.